सलाम आधी कोणी करायचा, मोठ्याने की लहानाने?

जवारी :
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, सतार शिकतो. जवारी काढायला (घोडी घासून तारेचा नाद नीट करायला), पडदे बांधून घ्यायला मिरजेत सतारमेकर गल्लीत जाणं-येणं असतं. तिथल्या एका कारखान्यातले उस्ताद सत्तरीच्या पुढचे आहेत. ते स्कूटरवरून आले की दाराशी बसून सतारीचा भोपळा घासणाऱ्या पोरांना स्वतः आधी 'अस्सलामु अलैकुम' (तुमच्यावर शांती असो) म्हणतात. पोरं 'व अलैकुम अस्सलाम' म्हणतात आणि परत कामाला लागतात. कोणी उठून उभं राहत नाही, कोणी पाया पडत नाही. आमच्या गुरुजींकडे हे चाललंच नसतं. शिकणाऱ्याने आधी हात जोडायचे, मग गुरुजी मान हलवणार.

विचारायचं हे की यामागे काही ठरलेला नियम आहे, की हा उस्तादांचा स्वभाव? आणि दुसरं म्हणजे मी मुसलमान नाही. मी आत शिरताना 'नमस्कार' म्हणतो, तेही 'नमस्कार, या, बसा' म्हणतात. माझ्यासारख्याने सलाम म्हटलेला चालतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

बेदाणा :
नियम आहे, आणि उस्ताद तो तंतोतंत पाळतायत. वाहनावरच्याने पायी चालणाऱ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला, थोड्यांनी जास्तांना सलाम करायचा. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे. उस्ताद गाडीवरून आले, पोरं बसलेली, शिवाय ती संख्येनं जास्त. तिन्ही बाजूंनी पाळी उस्तादांचीच.

कृष्णाकाठ :
पण लहानाने मोठ्याला करायचा असंही ऐकलंय. आमच्या वर्गातला आत्तारांचा मुलगा गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आधी सलाम करत जायचा.

अरबी_वर्ग :
दोघांचंही बरोबर आहे. लहानाने मोठ्याला, हेही बुखारीतच आलंय. मग दोन नियम एकाच वेळी लागू झाले तर? इमाम नववींनी (तेराव्या शतकातले हदीसचे भाष्यकार, दमास्कसच्या दक्षिणेकडच्या नवा गावचे) याचं उत्तर देऊन ठेवलंय. रस्त्यात समोरासमोर गाठ पडली तर लहान-मोठं बघायचं. पण कोणी बसलेल्यांपाशी येत असेल, तर येणाऱ्यानेच आधी सलाम करायचा, मग तो लहान असो की मोठा, एकटा असो की दहा जण. उस्ताद येणारे, म्हणून उस्ताद आधी. बेदाणांनी जे सांगितलं तेच, फक्त कारणासकट.

आणि मोठ्याने लहानाला आधी केला तर बिघडत काहीच नाही. पैगंबरांचे सोबती अनस (रजि.) पोरांच्या घोळक्याजवळून जाताना त्यांना सलाम करत, आणि पैगंबर (स.) असंच करायचे म्हणून सांगत. मी सकाळी मुलांना अरबी शिकवतो. वर्गात शिरताना सलाम मीच करतो. नव्या मुलांचे पालक चकित होतात. एका आजोबांनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "मौलाना, आप पहले मत करो, बच्चे सर पे बैठेंगे." मी त्यांना हीच हदीस ऐकवली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवात करणं ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत आहे, पण उत्तर देणं वाजिब, म्हणजे टाळता न येणारं. कुरआनात चौथ्या सूरहमधली (अध्यायातली) ८६वी आयत (वचन) सांगते की तुम्हाला कोणी अभिवादन केलं तर त्याहून चांगलं द्या, निदान तेवढं तरी परत करा. म्हणून कोणी 'अस्सलामु अलैकुम' म्हटलं की जुनी माणसं 'व अलैकुम अस्सलाम व रहमतुल्लाहि व बरकातुहू' असं लांबवतात. एका हदीसमध्ये नुसत्या सलामला दहा नेक्या (पुण्यं), 'रहमतुल्लाह' जोडलं तर वीस आणि 'बरकातुहू'पर्यंत गेलं तर तीस असा हिशोब आलाय.

हळदपेठ :
आमच्या अडतीत सौदे चालू असताना पंधरा-वीस जण बसलेले असतात. बाहेरून एकाने सलाम टाकला की सगळ्यांनी उत्तर द्यायचं? बोली ऐकू येणार नाही हो.

अरबी_वर्ग :
एकाने दिलं तरी सगळ्यांची जबाबदारी फिटते. आणि बाहेरून चौघं आले तर त्यांच्यातल्या एकाने केलेला सलाम चौघांचा धरतात. पण ऐकलेला माणूस तुम्ही एकटेच असाल, तर मात्र सुटका नाही.

मास्तर_निवृत्त :
वाहनावरच्याने आधी, यामागचं कारण मला फार मोलाचं वाटतं. मी शाळेत होतो तेव्हा उर्दू शाळेतले एक सहकारी यावर बोलायचे. जुन्या भाष्यकारांनी म्हणे लिहून ठेवलंय की घोड्यावर बसला की माणसाच्या अंगात मद येऊ शकतो, म्हणून त्यानेच आधी वाकावं. चालणारा बसलेल्याला का, तर तो घरात शिरणाऱ्यासारखा असतो, बाहेरून येतो. आणि बसलेल्याने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला सलाम करायचा ठरवलं तर त्याला दुसरं कामच उरणार नाही.

म्हणजे ज्याचा हात वर, त्याने आधी. आपल्याकडे हे नेमकं उलटं आहे. आपल्या बऱ्याच जुन्या अभिवादनांत खालच्याने वरच्याला आधी करायचं असतं. मुजरा घ्या, जोहार घ्या, पायलागू घ्या. जोहार कोणाला करावा लागायचा आणि तो न करण्यासाठी किती झगडावं लागलं, हे साताऱ्या-सांगलीच्या लोकांना मी सांगायला नको. घोड्यावरच्याने आधी पायी चालणाऱ्याला विचारायचं, ही रीत चौदाशे वर्षांपूर्वी कोणीतरी घालून दिली, याचं मला मनापासून कौतुक आहे.

खानापूरकर :
मास्तर, लै भारी लिवलंय. आता गाडीवाल्यानं चालणाऱ्याला सलाम करायचा तर विट्याच्या चौकात ट्रॅफिकच जाम हुईल की ओ! 😄

मास्तर_निवृत्त :
होऊ दे. हॉर्नपेक्षा बरं.

मिरजेची_लेक :
घराबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. सलाम बाहेरच्यांसाठीच नसतो, स्वतःच्या घरात शिरतानाही करायचा असतो. सूरह नूरमध्ये सरळ तसं म्हटलंय, घरात शिराल तेव्हा आपल्या माणसांना सलाम करा (आयत ६१). आमचे अब्बा कामावरून आले की उंबऱ्यातच सलाम करायचे, आणि अम्मी आतून स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची. दोघांचं भांडण चालू असेल तरीसुद्धा. तेव्हा अम्मी उत्तर इतकं हळू द्यायची की अब्बा परत मोठ्याने सलाम करायचे, आणि आम्ही बहिणी हसायचो.

त्याच सूरहमध्ये (आयत २७) दुसऱ्याच्या घराचा नियमही आहे. परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय आत जायचं नाही. परवानगी तीनदा मागायची, उत्तर नाही आलं तर परत फिरायचं, राग मानायचा नाही. दाराच्या अगदी समोर उभं राहायचं नाही, उजवीकडे किंवा डावीकडे सरकून उभं राहायचं, म्हणजे दार उघडल्यावर आतलं एकदम दिसत नाही. चाळीत, छोट्या घरात राहणाऱ्या बाईला याची किंमत कळते. डोक्यावर ओढणी नाही, हात कणकेत, आणि दार उघडताच पाहुणा थेट चुलीकडे बघतोय, हे कोणाला आवडेल?

आणि आतून 'कोण?' असं विचारल्यावर नुसतं 'मी' म्हणायचं नाही, नाव सांगायचं. जाबिर (रजि.) यांनी दारावर थाप मारून 'मी' म्हटलं, तर पैगंबरांनी 'मी, मी' असा उच्चार करून नाराजी दाखवली, असं हदीसमध्ये आहे.

हळदपेठ :
हे शेवटचं तर सगळ्या महाराष्ट्राला लागू करा. आमच्या इमारतीत इंटरकॉमवर रोज "कोण?" "मी." "मी कोण?" "अहो मी!" चालतं.

एसटीवाला :
मी वाहक आहे, रात्रीच्या मुक्कामाच्या गाड्या केल्यात. विश्रांतीगृहात आपण पोचतो तेव्हा निम्मे लोक झोपलेले, कारण त्यांची पहाटेची गाडी. काही जण दिवा लावून, मोठ्याने बोलत, पेट्या आपटत येतात. आमच्यात एक मुसलमान चालक होते, ते दारात उभे राहून इतक्या हळू सलाम करायचे की जागा असलेल्यालाच ऐकू जावा. मी विचारलं तेव्हा म्हणाले, असंच सांगितलंय. हे खरं आहे का?

अरबी_वर्ग :
अगदी खरं. मिक़दाद (रजि.) सांगतात की पैगंबर रात्री येत तेव्हा झोपलेला जागा होणार नाही आणि जागा असलेल्याला ऐकू येईल, अशा आवाजात सलाम करत. ही हदीस मुस्लिमच्या संग्रहात आहे. तुमच्या चालकांनी ती नेमक्या जागी वापरली, वाचून फार बरं वाटलं.

कृष्णाकाठ :
जेवत असलेल्याला सलाम करायचा नाही, हे काय आहे मग? आमचे शेजारी 'खाने पे सलाम नहीं' म्हणून हात हलवून पुढे जातात.

बेदाणा :
आमच्याकडे सगळे हेच म्हणतात. दादीचा तर कायदाच होता.

अरबी_वर्ग :
सरसकट मनाई नाही. तोंडात घास असताना उत्तर द्यायची सक्ती त्याच्यावर पडू नये, एवढाच हेतू. घास गिळून बोलत बसलेल्या माणसाला सलाम करायला हरकत नाही. नमाज पढणाऱ्याला, शौचाला बसलेल्याला, खुतबा (जुम्म्याचं प्रवचन) चालू असताना मात्र करू नये. तिथे माणूस उत्तर देण्याच्या अवस्थेतच नसतो.

पाबंद :
चर्चा चांगली चालली आहे, पण जवारी यांच्या दुसऱ्या प्रश्नाला सगळे बगल देतायत. मुसलमानाने गैरमुस्लिमाला आधी सलाम करू नये, अशी हदीस मुस्लिमच्या संग्रहात आहे. गैरमुस्लिमाने केला तर 'व अलैकुम' एवढंच म्हणावं. सलाम ही दुआ म्हणजे प्रार्थना आहे, दीनचा (धर्माचा) भाग आहे. त्याच्याबदली दुसरं चांगलं अभिवादन करा, नमस्कार म्हणा, शुभ सकाळ म्हणा, आपुलकीने चौकशी करा, त्याला कोणी अडवलं नाही. उस्ताद जवारींना 'नमस्कार, या' म्हणतात, ते याच कारणाने योग्य आहे.

कृष्णाकाठ :
मला पाबंद यांचं म्हणणं पटतं, पण दुसऱ्या बाजूने. मी माझा नमस्कार करीन, तुम्ही तुमचा सलाम करा. दुसऱ्याच्या श्रद्धेतले शब्द आपण ओढून-ताणून कशाला वापरायचे? सिनेमातल्यासारखा कपाळाला हात लावून आदाब करणारे आमच्या ऑफिसात आहेत, ते बघून समोरचा अवघडतो हे मी पाहिलंय.

मिरजेची_लेक :
कृष्णाकाठ, अवघडलेपण येतं ते नाटकी हातवाऱ्यांमुळे, शब्दांमुळे नाही. माझ्या शाळेतल्या जोशी बाई ईदच्या दुसऱ्या दिवशी वर्गात येताच मला साधेपणाने 'सलाम' म्हणायच्या, आणि मी 'व अलैकुम अस्सलाम, बाई' म्हणायची. पूर्ण म्हणायची, कारण मला अर्धं देताच यायचं नाही.

अरबी_वर्ग :
पाबंद भाई, हदीस तुम्ही सांगितली ती आहेच, मी नाकारत नाही. पण विद्वानांमध्ये तिच्यावर मतभेद आहेत, हेही जवारींना कळायला हवं. 'व अलैकुम' एवढंच म्हणण्याचा प्रसंग असा होता की काही लोक 'अस्सलामु'च्या जागी चलाखीने 'अस्सामु' म्हणायचे, म्हणजे तुम्हाला मरण येवो. पैगंबरांच्या पत्नी आयेशा (रजि.) यांनी चिडून उत्तर दिलं, तर पैगंबरांनी त्यांना सबुरीने घ्यायला सांगितलं आणि स्वतः फक्त 'व अलैकुम' म्हणाले. जुने विद्वान इब्न अल-क़य्यिम म्हणतात की समोरच्याने स्वच्छ 'अस्सलामु अलैकुम' म्हटल्याची खात्री असेल, तर न्याय हाच की तसंच पूर्ण उत्तर द्यावं. पैगंबरांचे सोबती इब्न अब्बास (रजि.) यांचंही म्हणणं नोंदलेलं आहे की जो सलाम करील त्याला उत्तर द्या, मग तो अग्निपूजक का असेना, कारण अभिवादन कोणाचं असावं अशी अट आयतीत नाही.

आधी सलाम न करण्याच्या हदीसबद्दल काही विद्वानांचं म्हणणं असं की ती युद्धाच्या प्रसंगातली आहे. काहींना ते मान्य नाही. दोन्ही बाजूंना मोठी माणसं आहेत. पण मुसलमान, मूर्तिपूजक, यहुदी असे सगळे एकत्र बसलेल्या बैठकीवरून जाताना पैगंबरांनी सलाम केला, हे बुखारीत आहे. आपल्या सांगली-मिरजेत कुठलीही बैठक तशीच असते.

पाबंद :
मिश्र बैठकीचं मला मान्य आहे, तिथे मीही करतो. एकट्या माणसाच्या बाबतीत माझं मत तेच राहील. पण उत्तराबद्दल इब्न अब्बासांचं म्हणणं तुम्ही दिलंत, ते मी आमच्या हज़रतांना (धर्मगुरूंना) विचारतो.

खानापूरकर :
आमच्या कडेगावात मोहरमच्या ताबूतांना हिंदूच खांदा देत्यात, ताबुतांच्या गळाभेटी बघायला अख्खा तालुका लोटतो. तितं कोण कुणाला काय म्हणतंय हे कुणी मोजत न्हाई. आमची आज्जी शेजारच्या मुलाणीचाचीला 'सलाम गं' म्हणायची आनि चाची आज्जीला 'रामराम' म्हणायची. दोघी एकमेकीचं घेत हुत्या. मला वाटतं जुन्या मानसांनी ह्याचा निकाल कवाच लावलाय.

कृष्णाकाठ :
खानापूरकर, हे मान्य. दोघी एकमेकींना ओळखत होत्या म्हणून ते शोभलं. अनोळखी माणसाला मी म्हणणार नाही, एवढंच.

बेदाणा :
आणि गंमत बघा, सलामचं मुख्य सांगणंच अनोळखी माणसाबद्दल आहे. कोणता इस्लाम चांगला असं एकाने विचारलं, तर उत्तर मिळालं, लोकांना जेवू घाल आणि ओळखीच्याला, अनोळख्याला सलाम कर. आमच्याकडे उरुसात मीरासाहेब दर्ग्यात बाहेरगावचे हजारो लोक येतात, तेव्हा हे कळतं. पहिला मानाचा गलेफ (मजारीवर घालायची चादर) चर्मकार समाजाचा असतो. रात्री अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असतं, तिथे शेजारी कोण बसलंय ते माहीत नसतं. बसताना सलाम, नाहीतर नमस्कार, काहीतरी बोललंच जातं.

वाळवा_तालुका :
मी कधी लिहीत नाही, नुसता वाचतो. आज लिहितोय.

आमच्या वडिलांचं आणि चुलत्यांचं बांधावरून वाजलं होतं. ऊस तोडून नेताना ट्रॅक्टर कोणाच्या रानातून घालायचा, एवढंच कारण. दोघं एकाच मशिदीत, एकाच सफमध्ये (रांगेत) उभे राहायचे आणि नमाज संपली की एक उजव्या दाराने, एक डाव्या दाराने जायचा. आम्हा पोरांनाही एकमेकांच्या घरी जायची बंदी. इमामसाहेबांनी एका जुम्म्याला ती हदीस सांगितली की तीन दिवसांपेक्षा जास्त भावाशी अबोला धरणं मुसलमानाला जायज नाही, आणि दोघांतला चांगला तो, जो आधी सलाम करतो. कोणाचं नाव घेतलं नाही. सगळ्या मशिदीला माहीत होतं कोणाबद्दल बोलतायत ते.

बाहेर पडल्यावर चुलते वळले आणि वडिलांना सलाम केला. चुलते वयाने मोठे. वडिलांनी उत्तर दिलं, पण मान खालीच. मग चुलत्यांनी मुसाफ़ा (हस्तांदोलन) करायला दोन्ही हात पुढे केले. वडील तिथेच रडायला लागले. ट्रॅक्टरचा रस्ता पुढच्या आठवड्यात ठरला, निम्मा आमच्या रानातून, निम्मा त्यांच्या.

लहानाने आधी, मोठ्याने आधी, ही चर्चा वाचून मला चुलते आठवले. नियमाने तो सलाम आमच्या वडिलांनी करायचा होता. चुलत्यांनी वाट पाहिली नाही.

मिरजेची_लेक :
भाईजान, वाचून डोळे भरले. चुलत्यांना आमचाही सलाम सांगा.

अरबी_वर्ग :
आता तो सलाम त्यांच्यापर्यंत पोचवणं तुमच्यावर आलं, वाळवा भाई. कोणी दुसऱ्याकरवी पाठवलेला सलाम ही अमानत, विश्वासाने सोपवलेली ठेव असते. आणि ते 'अलैका व अलैहिस्सलाम' म्हणतील, म्हणजे आणणाऱ्यालाही आणि पाठवणाऱ्यालाही.

वाळवा_तालुका :
आत्ताच फोन लावतो.

हळदपेठ :
फोनचं विचारायचंच होतं. फोनवर आधी कोणी?

बेदाणा :
फोन करणारा हा दार वाजवणारा. त्याने आधी. आणि नाव सांगायचं, 'मी' नाही. 🙂 व्हॉट्सअॅपवर लिहून आलेल्या सलामालाही उत्तर द्यायचं असतं, लिहून किंवा तोंडाने. आजकाल मुलं सलामाची चार इंग्रजी अक्षरं करून पाठवतात, ते मला अजिबात आवडत नाही. अंगठ्याला इतकी घाई असेल तर पाठवूच नका.

मास्तर_निवृत्त :
सहमत. आमच्यातही 'नमस्कार'चा नुसता हात जोडलेला बाहुला झालाय.

जवारी :
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. उस्तादांचं वागणं आता नीट समजलं. दुसऱ्या प्रश्नावर दोन मतं आहेत, तीही कळली. तरी विचारतो, मी उद्या नवी तारेची जोडी घ्यायला जाणार आहे. आत शिरताना काय म्हणू?

पाबंद :
नमस्कार म्हणा. तुमच्या तोंडून तो खरा आहे, आणि उस्ताद त्याला आनंदाने उत्तर देतात, हे तुम्हीच लिहिलंय.

मिरजेची_लेक :
मी म्हणेन, उस्तादांनाच विचारा. वयस्कर माणसं आहेत, विचारलेलं त्यांना आवडेल. ते 'सलाम बोलो बेटा' म्हणाले तर स्पष्ट म्हणा, पूर्ण म्हणा, 'सलामालेकुम' असं गिळून नको. आणि फक्त उस्तादांकडे बघून नको. तुम्ही बाहेरून येणारे आहात, दाराशी बसलेल्या पोरांपासून सुरुवात करा. निघतानाही म्हणा, जातानाचा सलाम येतानाच्या सलामाइतकाच हक्काचा आहे.

अरबी_वर्ग :
माझंही हेच मत. पाबंद भाई, तुमच्या हज़रतांनी काय सांगितलं ते इथे जरूर लिहा, मलाही ऐकायचं आहे.

खानापूरकर :
जवारीसायेब, पोरास्नी सलाम करून झाला की तेन्ला इचारा, भोपळा कुटनं आनत्यात म्हून. आमचं पाव्हणं मंगळवेढ्याकडं भोपळं लावायचं म्हणत्यात, दर काय मिळतोय बघायचाय.

जवारी :
विचारतो. गेल्या खेपेला बोलता बोलता पंढरपूर-मंगळवेढ्याचंच नाव निघालं होतं. दराचं विचारून उद्या संध्याकाळी इथेच लिहितो.